हात चालू, तोंड बंद

भागीरथाबाई गप्प बसल्या की धरमपेठेतल्या त्या गल्लीतले लोक दाराशी येऊन "तब्येत बरी आहे ना?" असं विचारत. एरवी विचारायची गरजच पडत नसे. त्यांची स्वतःची तब्येत, नवरा चंपतरावांचं पोट, मुलगा श्रीधरच्या साहेबाचा स्वभाव आणि आजचं कालवण ही सगळी माहिती गल्लीच्या टोकापर्यंत आपसूक ऐकू जाई. त्यांना शत्रू नव्हता, कारण भांडण व्हायला समोरच्यालाही दोन शब्द बोलायला मिळावे लागतात. आणि असता, तर त्यानेही एक गोष्ट बिनशर्त कबूल केली असती. ती म्हणजे बाईंच्या हातची लांब रोटी.

ज्यांनी ही रोटी खाल्ली नाही त्यांची मनापासून कीव करू आणि पुढे जाऊ. पण ती होते कशी हे सांगितल्याशिवाय कथा पुढे सरकायची नाही. कणीक पाण्याचे हबके मारमारून अशी सैल आणि चिवट करायची की परातीतून उचलली की लोंबली पाहिजे. चुलीवर मडकं पालथं घालायचं. गोळा हातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झुलवत न्यायचा. तो मनगटावरून कोपरापर्यंत उतरला, पातळ झाला, त्यातून पलीकडचा माणूस दिसू लागला, की झटक्यात मडक्यावर. पोळपाट नाही, लाटणं नाही. सगळा कारभार दोन हातांचा, आणि त्यातल्या एकाने जरी क्षणभर विचार केला तरी रोटीला भोक पडलंच. भागीरथाबाईंचे हात कधी विचार करत नसत. हात चालू असताना बाई बोलत असत, हसत असत, अंगणात शिरलेली बकरी हाकलत असत आणि नवऱ्याच्या बोलण्यातल्या चुकाही दुरुस्त करत असत. लोक रोटी खायला येत ते खरंच, पण निम्मे लोक हा तमाशा पाहायला येत.

म्हणून त्या दिवशी जे झालं ते कोणाला खरं वाटलं नसतं. बाई चुलीपुढे होत्या आणि शेजारच्या इंदूबाई पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. विषय अर्थातच श्रीधरच्या साखरपुड्याचा. या श्रीधरने वर्षानुवर्षे मुली पाहिल्या होत्या, पोहे खाल्ले होते आणि "विचार करून सांगतो" म्हणून आईबापांच्या डोक्याचे केस पांढरे केले होते. आणि तोच श्रीधर पारशिवनीच्या मास्तरीणबाई लतिकाला पाहून झाल्यावर परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघून शीळ घालत होता!

"मी तं तिथंच सांगून टाकलं वं इंदूबाई," भागीरथाबाई सांगत होत्या. "म्हटलं, तुमच्या घरचं छप्पर काढलेलं आहे, तं साक्षगंध आमच्या अंगणात करू. अन रोट्याले बाहेरच्या बाया नाही लावणार, म्हटलं. मी स्वतः करीन. तुमच्यासंग बोलत बोलत करीन, पाहाच तुम्ही, म्हटलं, आमच्या नागपूरच्या..."

इथे हात थांबले. अगदी थांबले. रोटी कोपरावर लोंबली, तिला एक भोक पडलं, त्या भोकातून इंदूबाईंचा आश्चर्यचकित चेहरा दिसला आणि मग सगळं प्रकरण राखेत पडलं.

बाईंनी आधी गव्हाला दोष दिला. दुसरी रोटी पडली तेव्हा मडक्याला दिला, आणि तिसरी पडल्यावर इंदूबाईंना. इंदूबाई रागावून घरी गेल्या. अंगण रिकामं झालं, बोलायला कोणी उरलं नाही, आणि चौथी रोटी अशी झाली की बाईंनी स्वतःच "वा" म्हटलं. हे "वा" म्हणताना पाचवी पडली. तेव्हा मात्र त्यांच्या लक्षात आलं. गप्प राहिलं तर हात चालतो आणि बोललं की थांबतो. आयुष्यभर एका घरात सुखाने नांदलेले हात आणि तोंड म्हातारपणी वेगळी चूल मागत होते. आणि पारशिवनीच्या सोयऱ्यांपुढे तर शब्द देऊन बसलेलं!

ही गोष्ट त्यांनी फक्त चंपतरावांना सांगितली. चंपतराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले होते आणि तेव्हापासून कोणीतरी आपल्याकडे एखादं काम सोपवील याची वाट पाहत होते. त्यांचे डोळे चमकले.

"याची पद्धतशीर चौकशी कराले पाहिजे," ते म्हणाले आणि बायकोपुढे स्टूल टाकून बसले. "तू रोटी कर. अन सतराचा पाढा म्हण."

"सतरा एके सतरा," बाईंनी सुरुवात केली. सतरा पंचेला रोटी जमिनीवर होती. चंपतरावांनी गंभीरपणे मान हलवली. बाईंना सतराचा पाढा तरुणपणीही येत नव्हता, ही बाब त्यांनी चौकशीत घेतली नाही.

चौकशी गुप्त ठेवायची असं ठरलं होतं. पण अंगणात एक बाई रोज रोट्या पाडते आहे आणि तिचा नवरा तिला पाढे विचारतो आहे, हे किती दिवस गुप्त राहणार? इंदूबाईंचा राग उत्सुकतेपुढे टिकला नाही. त्या मोहाचं तेल घेऊन आल्या. "कोपरापर्यंत चोळा. माह्या सासूचे हात असेच मोकळे झाले होते." बाईंनी चोळलं. हात खरोखरच मोकळे झाले, इतके की पुढची रोटी मनगटावरून घसरत निघाली, कोपराला थांबली नाही, आणि थेट इंदूबाईंच्या मांडीवर जाऊन पसरली. लुगडं धुवायला दोन बादल्या पाणी लागलं आणि मोहाचा वास मात्र गेलाच नाही.

मग ताराचंद आले. ते दवाखान्यात कंपाउंडर होते आणि गल्लीत डॉक्टर होते. त्यांनी बाईंची दोन्ही मनगटं दाबली, जीभ पाहिली, आणि निदान केलं.

"देखो भागीरथाबाई, घाबरायची बात नाही. उमर झाली की नसेतला करंट कमी होते. पह्यले दोन बत्त्या एका टायमाले जळत होत्या. आता एक बुजवा, तवा दुसरी जळते. हे सगळ्याइचं होते."

"उमर झाली कोणाची?" बाई गरजल्या. "तुमची होत असंल! माही कायले होते उमर?"

ताराचंद हसून म्हणाले की त्यांचं काहीच झालेलं नाही, ते आजही बोलत बोलत गोळ्या मोजतात. हे सांगताना ते चंपतरावांसाठी पोटाच्या गोळ्या पुडीत मोजून बांधत होते. पुडी उघडली तेव्हा तीत एकही गोळी नव्हती. सगळ्या त्यांच्या डाव्या मुठीत राहिल्या होत्या.

यानंतर गल्लीत साथ आल्यासारखं झालं. ज्याचे केस पिकले होते तो प्रत्येक जण चोरून स्वतःला तपासू लागला. इंदूबाईंना आढळलं की त्या गहू महाग झाल्याबद्दल बोलू लागल्या की खडे तांदळात जातात आणि तांदूळ खड्यांत. चंपतराव बाहेर जाताना शर्टाच्या गुंड्या लावत लावत या सगळ्यावर भाष्य करत होते. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. वरची गुंडी खालच्या काजात होती आणि उरलेल्या गुंड्यांनीही आपापल्या शेजाऱ्याचं घर गाठलं होतं.

"नवीन शर्ट आहे," चंपतराव म्हणाले. शर्ट श्रीधर कॉलेजात असतानाचा होता.

त्यांची खरी फजिती व्हायची होती ती रेशनच्या कचेरीत. त्या काळी गहू मोजून मिळे आणि घरी कार्य असेल तर जादा गव्हासाठी अर्ज करावा लागे. चंपतराव अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनाने सही करायला सांगितलं आणि चंपतराव सही करत असतानाच विचारलं, "काय पाहिजे म्हणता?"

"गहू," चंपतराव म्हणाले, आणि हातानेही तेच लिहिलं.

कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला. "कार्डावर तं चंपत लिहून आहे. तुम्ही गहू कधीपासून झाले?" खिडकीपुढची सगळी रांग हसली. पार्सल ऑफिसात आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते ओठ घट्ट मिटूनच गेले. कारकुनाने नाव विचारलं, चंपतराव सही करत होते, उत्तर दिलं नाही. कारकुनाने पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर नाही. कारकुनाला हा माणूस भलताच घमेंडी वाटला आणि त्याने त्यांना कचेरी बंद होईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. गहू मात्र मिळाला.

खरं म्हणजे या दोन दिवसांत शहाण्या माणसाने धडा घ्यावा असं बरंच काही होतं. पण चंपतरावांनी त्यातला अर्धाच धडा घरी आणला. "गप्प राहिलं की काम फत्ते होते," त्यांनी जाहीर केलं. "साक्षगंधाच्या दिवशी कणीक सरेपर्यंत तू तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. मंग बोल किती बोलायचं तं."

"दोन रोट्यांच्या मधात एखादा शब्द..."

"तुह्या एका शब्दामागं किती येतेत, माहीत आहे ना?"

बाईंना माहीत होतं. तोंड एकदा उघडलं की ते मिटायची कळ त्यांना कधीच सापडली नव्हती. त्या कबूल झाल्या. शब्द दिला होता तो रोट्यांचा. बोलण्याचा भाग पाहुणे विसरले असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

साक्षगंधाचा दिवस उजाडला आणि बाईंना पहाटेपासून पाखरासारखं हलकं वाटत होतं. अंगण शेणाने सारवलेलं, मांडवाला पताका, पाटावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, एका कोपऱ्यात मटणाचं पातेलं खदखदत होतं. श्रीधरने दोनदा दाढी केली होती आणि तिसऱ्यांदा करायला निघाला होता, त्याला चंपतरावांनी अडवलं. मडकं तापलं. बाईंनी ओठ मिटले, जीभ दातांत धरली आणि पहिला गोळा उचलला.

आणि काय सांगावं! हात असे चालले की त्यांनाच भूल पडली. गोळा या हातावरून त्या हातावर, रोटी खाली उतरते आहे, पसरते आहे, झटका, मडक्यावर. घडी, टोपलीत. पुढची. वीस वर्षांपूर्वीचे हात जणू कोणी परत आणून दिले होते. बाईंच्या मनात ढोलताशे वाजत होते. हे कोणाला तरी सांगावंसं त्यांना इतकं वाटत होतं की पोटात दुखू लागलं, पण त्या बोलल्या नाहीत.

इतक्यात पारशिवनीची मंडळी आली. नत्थूजी, म्हणजे लतिकाचे वडील, पांढरंशुभ्र धोतर नेसलेले. त्यांच्या मागे निळ्या साडीत लतिका. आणि सर्वांच्या पुढे नत्थूजींची थोरली बहीण तुळसाबाई. भावाच्या घरात या आत्याबाईंच्या शब्दाबाहेर पानही हलत नसे. त्या सरळ चुलीकडेच आल्या.

"जयभीम, इहीनबाई!"

बाईंच्या दोन्ही हातांवर तेव्हा कोपरापर्यंत उतरलेली रोटी होती. त्यांनी रोटीआडून हसायचा प्रयत्न केला. पण जीभ दातांत धरून आणि भुवया आवळून हसलं की ते हसणं दाढ दुखल्यासारखं दिसतं.

तुळसाबाईंनी क्षणभर वाट पाहिली. "आमची लतिका आली जी, इहीनबाई." उत्तर नाही. "एसटीले लय गर्दी होती." उत्तर नाही. तुळसाबाईंचा चेहरा उतरला. मागच्या खेपेला याच बाईने त्यांना पाणी प्यायलाही उसंत दिली नव्हती.

इंदूबाई मदतीला धावल्या, आणि मदत करणाऱ्यांनी नेहमी जे करावं तेच त्यांनी केलं. "त्याइचं आज मौन आहे."

"मौन? कायचं मौन वं?"

"उपास-बिपास असंल काही."

"आपल्या घरी कायचा आला मौनाचा उपास?" तुळसाबाई चमकल्या. "दीक्षा घेऊन इतकी वर्सं झाली, अन हे उपास चालूच हायेत का?"

चंपतरावांना ऐन समारंभात हा आरोप सहन होण्यासारखा नव्हता. ते घाईने पुढे आले. "नाही जी, उपास नाही! तिचा दिमागाचा मामला आहे. चौकशी चालू आहे."

"नसेत करंट कमी आहे," ताराचंदनी खुलासा केला.

तुळसाबाईंनी दोघांकडे पाहिलं, मग चुलीपुढे जीभ दातांत धरून बसलेल्या बाईंकडे पाहिलं आणि पदर खोचून त्या भावाकडे गेल्या. त्यांचं कुजबुजणं बाईंना स्पष्ट ऐकू आलं, कारण तुळसाबाईंना कुजबुजता येत नसे.

"नत्थू, डोक्याची बिमारी हाय, अन आपल्यापासून लपवून ठेवली. नाही तं मंग तिले आपली पोरगी पसंत नाही. दोन्हीपैकी एक हाय. ह्यातलं कोणतं चांगलं, ते तूच सांग."

भागीरथाबाई हे सगळं हातावरच्या पातळ रोटीतून पाहत होत्या. मांडवात माणसं दोन बाजूंना सरकली. श्रीधरचा, दोनदा दाढी केलेला, चेहरा पांढराफटक पडला. लतिका हातातल्या रुमालाची सुरळी करत उभी होती. आणि बाईंच्या जिभेवर गाडाभर शब्द येऊन दातांवर धडका मारत होते. परातीत थोडीच कणीक उरली होती. ही एवढी होऊ दे, मग सांगते, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या. पण एक रोटी मडक्यावर पडली की दुसरा गोळा हात आपणहून उचलत होते. आज किती दिवसांनी चालले होते ते! त्यांना थांबवायचा बाईंचा जीवच होत नव्हता.

शेवटचा गोळा हातावर असताना नत्थूजी चुलीपुढे येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे सगळा मांडव आला.

"ताई," नत्थूजी म्हणाले. "आम्ही खेड्यातले साधे लोक. आमचं काही चुकलं असंल तं सांगा. पोरगी पसंत नसंल तं तेही सांगा, पण आता सांगा. एकदा हार पडला अन मंग बोभाटा झाला, तं ते माही पोरगी सहन नाही करनार."

रोटी कोपराच्याही खाली आली होती. दिवसभरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात पातळ. त्यातून नत्थूजी दिसत होते आणि त्यांच्या खांद्याआडून लतिकाचे भरलेले डोळे. भागीरथाबाईंनी एकवार रोटीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"अजी नत्थूजीभाऊ, पसंत नसाले काय झालं!"

हात थांबले. रोटी लांबत लांबत खाली गेली, तिचं एक टोक मडक्याला चिकटलं आणि दुसरं बाईंच्या पायावर आलं, पण बाईंना आता कोणी आवरू शकत नव्हतं.

"सोन्यासारखी पोरगी, मले पह्यल्या दिवशीच पसंत, माह्या पोरानं तिच्यापायी शीळ घातली एसटीत, अन मले काही बिमारी नाही जी, या माणसाचं काही ऐकू नका, याले गुंड्या लावता येत नाही, अन उपासही नाही, मले फक्त एक झालं, मी बोलली का माहे हात थांबतेत! दोन्ही संग होत नाही आता! म्हातारी झाली मी! झाली म्हातारी, ऐका सगळेजण! पण तुमच्यापुढं मोठी फुशारकी मारली होती न मी, मंग रोट्या फाटल्या असत्या तं इज्जत काय राहिली असती माही?"

बाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्याचा धुराशी काही संबंध नव्हता. उभा जन्म ज्या हातांच्या जोरावर मिरवलं त्यांची गोष्ट त्यांनी भर मांडवात स्वतःच्या तोंडाने सांगून टाकली होती, आणि शेवटची रोटी पायावर पडली होती.

"एवढंच?" तुळसाबाई म्हणाल्या. "ह्या! मले वाटलं का काय झालं!" त्यांच्या आवाजात सुटकाही होती आणि थोडा तोराही होता. त्यांनी हात धुतले, बाईंना खांद्याने बाजूला सारलं आणि परातीच्या कडेची उरलीसुरली कणीक गोळा केली. "सरका इकडं. यात काय कठीण हाय जी? आमच्या पारशिवनीले कोनाच्याही घरी कार्य असो, रोट्याले मीच. बोलणं वेगळं, हात वेगळा. आता मागच्या वर्षी कोलत्याच्या घरी..."

गोळा हातावर झुलत होता, पसरत होता.

"...कोलत्याच्या घरी..."

तुळसाबाई थांबल्या. त्यांचे हात थांबले होते. त्यांनी हातांकडे असं पाहिलं की जणू ते दुसऱ्याच कोणाचे आहेत. रोटी कडेला फाटू लागली. मग त्यांनी तोंड मिटलं, भुवया आवळल्या, आणि हळूच जीभ दातांत धरली. हात चालू लागले. रोटी झुलली, उतरली, पातळ झाली.

भागीरथाबाईंनी ती दातांतली जीभ पाहिली. तुळसाबाईंनीही रोटीतून त्यांच्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत दोघी विहिणी जितकं बोलल्या तितकं भागीरथाबाई आयुष्यात एका दमात बोलल्या नव्हत्या. आपण एकट्याच नाही, या आनंदाने त्यांना हसू फुटलं, आणि हसताना डोळे पुन्हा भरून आले.

नत्थूजी मात्र गोंधळून गेले होते. आक्का बोलता बोलता गप्प बसलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"आक्का?" त्यांनी घाबरून विचारलं. "काय झालं वं आक्का? नाराज झाली का तू? सोयरीक पसंत नाही का?"

"थांबा जी नत्थूजीभाऊ!" भागीरथाबाई ओरडल्या. पदराने डोळे पुसून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेला तो त्यांचा नेहमीचा आवाज होता. "तिले काही विचारू नका, रोटी होऊन राहिली! श्रीधर, काय पाहून राहिला गा, हार घे! लतिका, तूही घे वं माय! पसंत आहे. मलेही पसंत आहे, अन याइलेही पसंत आहे. त्याइचं मी सांगून राहिली!"

तुळसाबाईंनी तोंड न उघडता जोरात मान हलवली. हातांवरची रोटी इकडून तिकडे झुलली, पण फाटली नाही.